पाहुणे, पुळण आणि गाव : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोकण किनाऱ्यावरील पर्यटनाचा तेथील गावांवर काय परिणाम होतो, याविषयी आम्ही मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे सर्वांच्याच बाबतीत केवळ तालुका किंवा शहर दिले आहे.

प्रश्न : आमची किनाऱ्यालगत नारळ-पोफळीची वाडी आहे. घरातील दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. निम्मी वाडी काढून दहा खोल्या आणि पोहण्याचा तलाव बांधावा, असे मुलाचे म्हणणे आहे. शहरातील एक मध्यस्थ तर संपूर्ण वाडीच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मागतो आहे. गावात पैसा येत असताना आम्हीच मागे का राहावे? (श्रीवर्धन तालुका)

तुम्ही मागे राहू नये, हे अगदी मान्य. परंतु गावात येणारा पैसा आणि गावात राहणारा पैसा या दोन वेगळ्या रकमा आहेत, आणि तुमचा निर्णय दुसऱ्या रकमेवर आधारलेला असावा. तुमच्या दोन खोल्यांत उतरलेला पाहुणा जे पैसे देतो, त्यातून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला तिचे पैसे मिळतात, आमटीतला नारळ तुमच्याच माडाचा असतो, मदतीला शेजारची बाई येते, तांदूळ आणि कोकम गावातून येते, आणि उरलेली रक्कम तुमच्या घरात राहते. तीच जागा बाहेरच्या कंपनीने भाडेपट्ट्याने घेतली, तर व्यवस्थापक शहरातून येतो, किराणा घाऊक बाजारातून भरला जातो, आरक्षणाच्या संकेतस्थळाला प्रत्येक भाड्यामागे पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास दलाली जाते आणि नफा मालकाच्या खात्यात जमा होतो. गावाच्या वाट्याला पहारेकऱ्याची, साफसफाईची आणि धुण्याची अशा मोजक्या नोकऱ्या येतात. पाणी आणि कचरा यांचा भार मात्र सगळा गावावरच पडतो. दोन्ही ठिकाणी पर्यटकांची संख्या सारखी धरली, तरी गावाच्या हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वाडी काढण्याच्या विचाराला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच तालुक्याच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासात आहे. दिवेआगर येथे १९९७ साली सुपारीच्या वाडीत खोदकाम करताना सोन्याचा गणपती सापडला आणि एका शांत बागायती गावात भाविकांची व पर्यटकांची रीघ लागली. घरोघरी खोल्या निघाल्या, खानावळी उभ्या राहिल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडून ती मूर्ती चोरीला गेली आणि ज्यांनी सारा भरवसा या गर्दीवर ठेवला होता त्यांचे उत्पन्न पाहता पाहता घसरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना होईपर्यंत साडेनऊ वर्षे गेली. त्या काळात ज्या घरांनी पोफळी राखल्या होत्या, त्यांची चूल सुपारीच्या उत्पन्नावर चालली. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तेथील नावाजलेली सुपारी, तेव्हाही बाजारात आपला भाव राखून होता.

त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावर धडक दिली. माड आणि पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली, आणि टाळेबंदीमुळे पर्यटकही नव्हते. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे त्या एका दुपारी अनेक कुटुंबांचे पुढील काही वर्षांचे उत्पन्न गेले. यावरून बागायतही बेभरवशाचीच, असा युक्तिवाद तुमचा मुलगा करील, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच दोन पाय हवेत. उत्पन्नाचा एक पाय लुळा पडला तर दुसऱ्यावर उभे राहता येते. वाडी तोडून खोल्या बांधणारा माणूस आपल्याच हाताने एक पाय काढून टाकतो. शिवाय किनाऱ्यालगतची झाडी हाच तुमच्या घराचा वाऱ्यापासूनचा आडोसा आहे, आणि पाहुणा तुमच्याकडे येतो तो त्या सावलीसाठी आणि शिंपण्याच्या पाटातून वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजासाठी. चहूबाजूंनी सिमेंटची फरशी असलेली खोली त्याला पनवेललाही मिळते.

पोहण्याच्या तलावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावरील घरांना याचे गांभीर्य अजून पुरेसे कळलेले दिसत नाही. कोकणात भरपूर पाऊस पडतो, परंतु जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि बरेचसे पाणी समुद्राला मिळते. किनाऱ्यालगतच्या वाळूत जे गोडे पाणी उरते, ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा जुना आणि पक्का नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी उपशामुळे १ फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकू शकते. पर्यटकांची सर्वांत मोठी गर्दी मे महिन्यात, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतानाच होते. त्या महिन्यात बोअरवेल मारून तलाव भरला, तर तुमचीच नव्हे तर दोन-तीन घरे पलीकडची विहीरही मचूळ होईल, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. पोफळीला खारे पाणी मानवत नाही, म्हणजे उरलेली निम्मी वाडीही हळूहळू जाईल. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर ठेवण्याचा नियमही दहा खोल्यांच्या गर्दीत पाळला जात नाही, असे अनेक गावांत दिसते.

भाडेपट्ट्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहा. महाराष्ट्राच्या कूळकायद्यातील कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून कित्येक व्यवहार दीर्घ भाडेपट्टा, भागीदारी किंवा कुलमुखत्यारपत्र अशा आडवाटेने होतात. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. दुसरे म्हणजे, तुमच्या सातबाऱ्यावर मुंबईतील भावंडांची, आत्यांची नावे असणार. मध्यस्थ बहुधा आधी त्यांच्याकडे जातो, कारण चाकरमान्याला वाडीचे उत्पन्न मिळत नसते आणि रोख रक्कम समोर दिसत असते. त्यांच्याशी तुम्हीच आधी बोला, आणि सध्याच्या उत्पन्नातील काही वाटा त्यांना रीतसर द्या.

माझे मत विचाराल तर, राहत्या घराला जोडून आणखी दोन-तीन खोल्या काढा, तत्पूर्वी किनाऱ्यालगत बांधकाम कोठे चालते हे ठरवणारा किनारी नियमन क्षेत्राचा (सीआरझेड) मंजूर नकाशा पाहून घ्या, आणि पर्यटन संचालनालयाच्या न्याहरी-निवास योजनेत नोंदणी करा. घरातील सून किंवा मुलगी व्यवसाय स्वतःच्या नावावर चालवणार असेल, तर राज्य शासनाच्या २०२३ च्या 'आई' या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे, तिची चौकशी करावी.

प्रश्न : आम्ही कुटुंबासह वेळासच्या कासव महोत्सवाला गेलो. दोन दिवस थांबूनही एकच पिल्लू दिसले. इतकी माणसे किनाऱ्यावर जमणे कासवांच्या खरोखर हिताचे आहे का, की हा केवळ गर्दी जमवण्याचा कार्यक्रम झाला आहे? (ठाणे)

तुमच्या प्रश्नातील शंका रास्त आहे, परंतु उत्तर देण्यापूर्वी या महोत्सवाच्या आधी काय होते ते सांगायला हवे. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले, सावित्री नदीच्या मुखाजवळचे छोटे गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाला माहीत असलेले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ च्या सुमारास समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या भागात फिरत असताना त्यांना पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वल्ह्यासारख्या मागच्या पायांनी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभरच्या वर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. ती अंडी माणसे काढून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होता आणि हे कासव त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पण रात्री त्या पुळणीवर कायदा सांगायला कोण होते?

संस्थेने गावातल्याच तरुणांना पहाऱ्यावर घेतले. ते पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या वल्ह्यांच्या खुणांवरून घरटे शोधतात, अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणातील उबवणी केंद्रात तितक्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली की कधी खाली नुसती वाळू असते, कधी पन्नास-साठ काळसर पिल्ले एकमेकांवर चढत असतात. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडतात आणि दोरीपलीकडे माणसे बसून राहतात. पिल्लाला समुद्रापर्यंत स्वतः चालत जाऊ देणे महत्त्वाचे असते. लाटेने उलटे पडले तरी त्याला हात लावायचा नसतो.

हे काम पगारावर किंवा दंडाच्या भीतीने टिकणार नाही, गावाला त्यातून काही मिळाले पाहिजे, या विचारातून २००६ मध्ये महोत्सव सुरू झाला. हॉटेल उभारायचे नाही, पाहुणे गावकऱ्यांच्या घरातच उतरतील, जेवण घरचेच असेल, अशी रीत पडली. ज्या घरात पूर्वी अंडी शिजत होती, त्याच घरात आता अंडी राखल्यामुळे पाहुणा येतो, आणि ही उलटापालट आर्थिक आहे तितकीच सांस्कृतिकही आहे. वेळासनंतर आंजर्ले आणि इतर किनाऱ्यांवरही हे काम पसरले, पुढे वनखाते आणि त्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष त्यात आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर 'प्रथमा' नाव दिलेल्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवण्यात आला. महोत्सव नसता तर यातील बरेच घडले नसते, असे मला ठामपणे वाटते.

तरीही तुमची शंका मी बाजूला सारत नाही. पिल्लू जन्मताच क्षितिजावरील सर्वांत उजळ दिशेकडे धावते. ती दिशा निसर्गतः समुद्राची असते, परंतु किनाऱ्यावरचे दिवे, मोटारींचे झोत आणि मोबाइलचे फ्लॅश ती बदलून टाकतात. वाळूवरून गाडी गेली की वाळू घट्ट बसते आणि चाकोरीत अडकलेल्या पिल्लाला बाहेर पडता येत नाही. पिल्लाजवळ पोटात शोषलेल्या बलकाची मोजकी ऊर्जा असते आणि ती खोल समुद्राकडे पोहून जाण्यासाठी असते. म्हणून रात्री बाहेर आलेली पिल्ले सकाळच्या पाहुण्यांसाठी फार वेळ थोपवून धरणे कोणत्याही किनाऱ्यावर टाळलेच पाहिजे. वाळूच्या तापमानावर पिल्लाचे लिंग ठरते आणि अधिक उष्ण वाळूत माद्या जास्त निपजतात, त्यामुळे उन्हाळे तापत असताना उबवणी केंद्राला सावली करण्यासारखे प्रश्नही आहेत. महोत्सवाच्या तारखा पाहुण्यांच्या सुट्ट्या पाहून ठरतात, अंडी मात्र आपल्या हिशेबाने उबतात. तुम्हाला दोन दिवसांत एकच पिल्लू दिसले, याचा अर्थ किमान तुमच्यासाठी कोणी पिल्ले राखून ठेवली नव्हती, आणि ही समाधानाची बाब आहे. पुन्हा जाल तेव्हा पिल्ले दिसण्याची हमी मागू नका, आणि हमी देणाऱ्या सहल कंपनीबरोबर जाऊ नका.

प्रश्न : मी दशावतारात काम करतो. एका रिसॉर्टने पर्यटकांसाठी चाळीस मिनिटांचा प्रयोग मागितला आहे, मानधन जत्रेपेक्षा बरेच जास्त आहे. मंडळातील वडीलधारे नको म्हणतात. काय करावे? (कुडाळ तालुका)

मानधन घ्यावे, यात कमीपणा नाही. दशावतारी कलाकार कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्र-रात्र उभा राहतो, स्वतःची पेटी स्वतः उचलतो, स्वतःचे तोंड स्वतः रंगवतो, आणि पावसाळ्यात त्याला दुसरे काम शोधावे लागते. त्याच्या घरात चार पैसे जास्त आले तर ते हवेच आहेत.

वडीलधाऱ्यांच्या विरोधात मात्र एक नेमका मुद्दा आहे आणि तो तुम्ही त्यांच्याकडून समजून घ्यावा. देवळापुढे होणारा प्रयोग हा देवाच्या मानाचा भाग असतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर ही आडदशावताराची, म्हणजे पूर्वरंगाची, सुरुवात आणि त्यानंतरचे आख्यान यांचा पहाटेपर्यंतचा क्रम त्या रात्रीशी बांधलेला आहे. रिसॉर्टच्या हिरवळीवर होईल ते त्याच कलाकारांचे वेगळे काम आहे. म्हणून आख्यानातील एखादा युद्धाचा किंवा संवादाचा प्रवेश निवडा, तो प्रवेश म्हणूनच सादर करा, पूर्वरंगातील पूजेचा भाग तेथे नेऊ नका, आणि जत्रेची तारीख रिसॉर्टसाठी कधीही मोडू नका. मंडळाने हे चार नियम लिहून ठेवले, तर घरातील वाद बराचसा मिटेल. आणखी एक सुचवतो : ज्या पाहुण्याला आवड दिसेल त्याला जत्रेचे गाव आणि रात्र सांगा. खरा प्रयोग पाहायला तो देवळापुढे येऊन मांडी घालून बसेल, तेव्हा त्याला पाहुण्यासारखे वागवण्याची गरजही उरणार नाही.

प्रश्न : आमचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढते. आता किनाऱ्यावर पॅरासेलिंग आणि स्कूबाच्या होड्यांमुळे जाळे टाकायला जागा राहत नाही. आमचीच मुले त्या होड्यांवर कामाला आहेत, त्यामुळे तक्रार तरी कोणाविरुद्ध करावी? (मालवण तालुका)

तुमच्या शेवटच्या वाक्यात मालवणच्या पर्यटनाची सगळी गुंतागुंत आली आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण तारकर्ली, देवबाग, मालवण येथे खरी गर्दी वाढली ती पुढील काळात, आणि तिने मच्छीमारांच्या घरांना दुसरे उत्पन्न दिले हे नाकारता येणार नाही. पर्ससीन (मोठे घेरजाळे वापरणाऱ्या) आणि परराज्यांतील मोठ्या नौकांमुळे किनाऱ्यालगतची मासळी कमी झाली असताना, या दुसऱ्या उत्पन्नाने अनेक तरुणांना मुंबईची वाट धरण्यापासून थांबवले. तुमच्या मुलांनी काही चुकीचे केलेले नाही.

जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्ये यजमान गावांच्या मनःस्थितीच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : आधी उत्साह, मग उदासीनता, मग चीड, आणि शेवटी वैर. सगळी गावे त्याच क्रमाने जातात असे नाही. तुमच्या पत्राला त्यातील तिसऱ्या पायरीचा सूर आहे आणि चौथी पायरी येण्याआधी जागेची वाटणी व्हायला हवी. रापण कोणत्या टापूत, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या वेळी ओढली जाते, हे रापण संघांना तोंडपाठ असते. ते कागदावर आणून ग्रामपंचायत, बंदर खाते आणि मत्स्य खाते यांच्यापुढे ठेवा आणि त्या वेळी त्या टापूत जलक्रीडा बंद राहील असा ठराव मागा. पहाटेची रापण आणि दुपारची पर्यटकांची गर्दी यांच्यात मेळ घालणे अशक्य नाही.

समुद्राखाली काय चालले आहे, तेही पाहिले पाहिजे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रावर जाहीर झाले, आणि मासेमारीवर बंदी येईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या ज्या खडकांवर प्रवाळ आहेत, तेथेच आज पर्यटकांना पाण्याखाली नेले जाते. होडीचा नांगर प्रवाळावर पडला, शिकाऊ माणसाने त्यावर पाय दिला किंवा माशांना पाव-बिस्किटे टाकली, तर वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारा तो जीव काही क्षणांत मोडतो आणि माशांच्या सवयी बदलतात. कायम बांधलेल्या तरंगत्या बोयांना होड्या अडकवल्या, तर नांगर टाकण्याची गरजच राहत नाही. हा उपाय जगभर वापरला जातो आणि फार खर्चिकही नाही.

माझी सर्वांत मोठी अपेक्षा मात्र रापणीच्या रीतीकडूनच आहे. रापणीत जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो, ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा असतो, आणि म्हाताऱ्या किंवा निराधार सभासदालाही काही ना काही दिले जाते. एका पुळणीवर वीस जणांनी वीस स्वतंत्र होड्या घालून दर पाडण्यापेक्षा, त्याच वाट्याच्या पद्धतीने एकत्र व्यवसाय का करू नये? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर अशाच सामाईक तत्त्वावर चालवतात. त्या स्वतः होडी वल्हवतात, चिपी, तिवर अशी खारफुटीची झाडे आणि त्यांतील पक्षी स्वतः दाखवतात आणि मिळकत वाटून घेतात. यांतील अनेकींचा खाडीशी संबंध मासेमारीचाच होता. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पक्षी उडत नाहीत आणि म्हणून पाहुणा परत येतो.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. शनिवार-रविवारी आमच्या किनाऱ्यावर शेकडो गाड्या येतात, काही थेट वाळूत उतरतात. कचरा आम्ही उचलायचा आणि वर शुल्क घेतले तर 'पर्यटक पळतील' असे दुकानदार म्हणतात. गावाला संख्या मर्यादित करण्याचा अधिकार आहे का? (गुहागर तालुका)

पर्यटक पळतील ही भीती कितपत खरी, याचे उत्तर सातारा जिल्ह्यात मिळते. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर ठिकाणांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात तेथे माणसांचा पूर आला. त्यानंतर वनखाते आणि भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांनी शुल्क लावले, आगाऊ ऑनलाइन नोंदणी सुरू केली आणि दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली. तिकीट, वाहनतळ, मार्गदर्शन ही कामे त्याच गावांतील तरुण-तरुणी करतात. पर्यटक पळाले नाहीत. तेथे चुकाही झाल्या. पठाराला घातलेल्या कुंपणामुळे गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि नाजूक फुलांना त्रास होऊ लागला, असे अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर ते कुंपण काढण्यात आले. व्यवस्था गावाच्या हातात असेल, तर चूक लवकर दिसते आणि सुधारताही येते.

समुद्रकिनारा ग्रामपंचायतीच्या मालकीचा नसल्यामुळे माणसांच्या संख्येवर थेट मर्यादा घालणे तुम्हाला एकट्याने जमणार नाही, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. गाड्यांवर मर्यादा घालणे मात्र बरेचसे तुमच्या हातात आहे. गावाच्या वेशीजवळ वाहनतळ करा, तेथून पुढे फक्त स्थानिकांची वाहने, आजारी व वृद्ध व्यक्ती आणि गावातील रिक्षा जाऊ द्या. रिक्षावाल्यांना काम मिळेल आणि वाहनतळाची जेवढी क्षमता, तेवढीच गर्दी आपोआप राहील. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये कर आणि शुल्क यांची यादी आहे, त्यात यात्रेकरूंवरील कराचाही समावेश आहे. किनाऱ्यावरील काही ग्रामपंचायती असे शुल्क घेतातच. ठराव ग्रामसभेत करा, दर फलकावर लावा, पावती द्या आणि जमा-खर्च दर महिन्याला पंचायतीच्या भिंतीवर चिकटवा, म्हणजे 'पैसे कुठे गेले' हा प्रश्न उरणार नाही.

वाळूत उतरणाऱ्या गाड्यांसाठी किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर जांभ्याचे चिरे किंवा लोखंडी खांब पुरा, बैलगाडी आणि होडी ओढण्याची वाट तेवढी मोकळी ठेवा. तुमच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी होत असतील, तर तो भाग किनारी नियमन अधिसूचनेनुसार सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतो. तसे असल्यास वनखात्याकडून लेखी पत्र घ्या आणि त्या आधारे पोलिसांना कारवाई करायला सांगा. कचऱ्यासाठी शुल्कातील ठराविक हिस्सा राखून ठेवा आणि काम गावातील बचत गटाला द्या, ठेकेदाराला नको. दुकानदारांनाही ग्रामसभेला बोलवा. पुढचा मे महिना येण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत एका आठवड्यापुरती ही व्यवस्था लावून पाहा, त्या आठवड्याची विक्री त्यांनाच लिहून ठेवायला सांगा आणि मग निर्णय ग्रामसभेवर सोपवा.